साथीच्या दिवसांत बेघर माणसाला सरकारी निवाऱ्यात कसं पोचवायचं

महाराष्ट्रातल्या शहरांत हे काम नव्याने हाती घेतलेल्या कार्यकर्त्यांसाठी, आणि गेटबाहेर झोपणाऱ्या काकांचं काय करायचं हे न सुचणाऱ्या रहिवाशांसाठी हे लिहितो आहे. २०२० च्या टाळेबंदीत मी या कामात पडलो, दुसऱ्या लाटेत होतो, अजूनही आहे. पुढच्या साथीत आजाराचं नाव वेगळं असेल, पण महापालिका, पोलीस चौकी, तहसील आणि आधार केंद्र हीच असणार. ती कशी हलतात हे आधीच माहीत असलं तर सुरुवातीचे दिवस फोन फिरवण्यात जात नाहीत.

जागा मिळाली की काम झालं, असं नवीन माणसाला वाटतं. साथीतली छावणी कधीतरी बंद होणारच असते. ती बंद होईपर्यंत माणसाच्या हातात कुठले कागद पडले, यावर तो परत त्याच पुलाखाली जातो की नाही ते ठरतं. म्हणून खाली कागदांवर बराच वेळ घालवला आहे.

१. कुठल्या जागेबद्दल बोलताय ते आधी ठरवा

फोनवर "बेघरांची सोय कुठे आहे?" विचारलंत तर समोरचा माणूस डोक्यात येईल ती जागा सांगतो. जागा चार प्रकारच्या आहेत आणि एकीचं काम दुसरी करत नाही.

*शहरी बेघर निवारा केंद्र.* साथ असो नसो, ही जागा असायला हवी. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात मोठ्या शहरांना बेघरांसाठी निवारे उभारायला लावले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ती रीतसर योजना झाली. तिचं माप सोपं आहे: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा निवारा, चोवीस तास उघडा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. म्हणजे पाच लाखांच्या शहरात पाचशे जणांची सोय हवी. तुमच्या शहरात किती आहे ते एकदा मोजून पाहा. पुढे भांडायची वेळ आली तर हा आकडा लागतो.

*तात्पुरती छावणी.* महापालिकेची शाळा, मंगल कार्यालय, सभागृह. ही फक्त आपत्तीत उघडते. २८ मार्च २०२० ला केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून बेघर आणि अडकलेल्या मजुरांच्या निवाऱ्यावर, जेवणावर, औषधपाण्यावर खर्च करायला मुभा दिली. दुसऱ्याच दिवशी गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तशी सोय करण्याचे आदेश राज्यांना दिले. पुढच्या वेळीही अशा आदेशाची प्रत सगळ्यात आधी मिळवा आणि मोबाइलमध्ये ठेवा. "निधी नाही" या उत्तरावर ती उपयोगी पडते.

*विलगीकरण केंद्र.* हे संसर्ग झालेल्यांसाठी किंवा संशयितांसाठी असतं. धडधाकट बेघर माणसाला तिथे "तात्पुरतं" ठेवू देऊ नका.

*भिक्षेकरी गृह.* याला निवारा समजू नका. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखाली माणसाला धरून नेता येतं. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता. रस्त्यावर राहणाऱ्यांना या कायद्याचा अनुभव तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असतो. पुढच्या पायरीतली निम्मी अडचण तिथूनच येते.

२. गाडी बोलावण्याआधी माणसाशी बोला

"त्यांना यायचंच नसतं हो," हे वाक्य तुम्ही कार्यालयात वारंवार ऐकाल. नाही म्हणणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा पक्कं कारण असतं. ते कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान जा. दिवसा माणूस कामावर किंवा जेवणाच्या रांगेत असतो, आणि पहाटे झाडू मारणाऱ्यांच्या आधी उठून गेलेला असतो. दोघांनी जा, बाई असेल तर सोबत बाई हवी. मास्क लावा, पण जरा लांब उभं राहून एकदा तोंड दाखवा. साथीत सगळेच तोंड झाकून येतात आणि कोण पोलीस, कोण आरोग्य खात्याचा, हे कळत नाही. नाव सांगा, "मावशी", "काका", "दादा" म्हणा, खाली बसा. पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढू नका आणि फोटो तर अजिबात नको.

मग हे प्रश्न, याच क्रमाने नव्हे, बोलण्याच्या ओघात:

*सामान कुठे आहे?* गाठोडं, हातगाडी, भंगाराची पोती. अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाने एकदा सगळं उचलून नेलं असेल तर माणूस सामान सोडून हलत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येकाला लॉकर सांगितलेला आहे. छावणीत तो नसतो, म्हणून एक कोपरा, गोणी आणि नाव लिहायला मार्कर यांची सोय आधी करून घ्या. हातगाडी कुणाच्या तरी आवारात लावायला लागते. ओळखीचा दुकानदार शोधा.

*सोबत कोण आहे?* नवरा-बायकोला वेगळ्या जागी पाठवणार असाल तर ते आधीच सांगा. गाडीत चढल्यावर कळलं की दोघंही उतरतात, आणि आसपासचे दहा जण ते बघत असतात. कुटुंबाला कुटुंबाचाच निवारा मागा. कुत्रं असेल तर त्याचंही विचारा. हसण्यावारी नेऊ नका, कुत्र्यापायी लोक थांबतात.

*काम कुठलं?* केटरिंग, नाका, बाजारातली हमाली. साथीत काम बंद असतं, पण मुकादमाकडे पैसे अडकलेले असतात. ते मिळेपर्यंत माणूस त्या चौकातून हलत नाही. मुकादमाला फोन लावून द्या.

*दारू पितो का?* हे स्वतंत्रपणे, कुणी ऐकत नसताना विचारा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके, भास सुरू होऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. टाळेबंदीत दुकानं एका दिवसात बंद झाली होती. अशा माणसाबद्दल छावणीच्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तिसऱ्या रात्री त्याला "गोंधळ घालतो" म्हणून बाहेर काढतात.

*बाहेर जाता येईल का?* हा त्याचा प्रश्न असतो, तुमचा नव्हे. खरं उत्तर द्या. हालचालींवर बंदी असेल तर "काही दिवस नाही जाता येणार" असं सांगा. "कधीही या-जा" असं खोटं सांगून नेलेला माणूस भिंतीवरून उडी मारून जातो, आणि पुढच्या वेळी तुमचं तोंड पाहत नाही.

नाही म्हणाला तर नाही. जेवण, मास्क, तुमचा नंबर द्या आणि दोन दिवसांनी परत जा. जबरदस्तीने गाडीत घालणाऱ्या पथकासोबत उभे राहू नका.

३. फोन कुणाला करायचा

शहराशहरात खातं बदलतं. कुठे समाजविकास विभाग, कुठे नियोजन विभाग, छोट्या नगरपालिकेत नागरी उपजीविका अभियानाचा एखादा टेबल. विचारायचं नाव एकच: "बेघर निवाऱ्याचं काम बघणारे समूह संघटक कोण?" त्यांचा नंबर मिळाला की निम्मं शहर उघडतं. आपत्तीत याशिवाय:

- जिल्हा नियंत्रण कक्ष: १०७७. मुंबईत महापालिकेचा आपत्ती कक्ष: १९१६.
- आजारी किंवा जखमी: १०८.
- एकटं मूल: १०९८. अठरा वर्षांखालच्या एकट्या मुलाला मोठ्यांच्या छावणीत नेऊ नका. त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.
- बाई, विशेषतः मारहाणीतून निघालेली: १८१. वयस्कर: १४५६७.

फोनवर "इथे एक भिकारी पडलाय" असं म्हणालात तर कुठली गाडी येईल याचा नेम नाही. असं सांगा: "बेघर पुरुष, वय अंदाजे साठ, चालता येतं, ताप-खोकला नाही, उजव्या पायाला जखम, अमुक स्थानकाच्या पूर्वेला तिकीटघराच्या बाजूला, रात्री नऊनंतर तिथेच असतात, निवाऱ्यात यायला तयार आहेत." शेवटचे शब्द मुद्दाम म्हणा. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत टिपा, आणि तोच मजकूर लगेच व्हॉट्सअॅपवर पाठवा. उद्या "असा फोनच आला नाही" म्हटलं जातं.

४. आजार असेल तर

ताप किंवा खोकला असेल तर आधी तपासणी, मग निवारा. पण रस्त्यावरच्या माणसाचा महिनोन्‌महिन्यांचा खोकला क्षयाचा असू शकतो, आणि साथीत तो साफ विसरला जातो. साथीच्या रोगाची चाचणी नकारात्मक आली तरी थुंकीची तपासणी मागा. ती सरकारी केंद्रात मोफत होते, उपचारही मोफत. उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा पैसे खात्यात येतात, म्हणजे बँक खातं इथेही लागतं.

माणूस असंबद्ध बोलत असेल, भटकत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० लक्षात ठेवा. अशा व्यक्तीला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, आणि कोठडीत ठेवता येत नाही. घर-नातेवाईक सापडत नसतील तर हरवल्याची नोंद करून शोध घेणंही ठाण्याच्याच अंगावर येतं. चौकीत हे शांतपणे, कलमाचा आकडा सांगून बोला. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

५. आत जाताना

प्रवेशाला कागद लागत नाहीत. आधार नाही म्हणून दारातून परत पाठवलं तर तिथेच थांबा आणि विचारा की हा नियम कुठे लिहिला आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत बेघरांना ओळखपत्र, टपालाचा पत्ता, रेशन, पेन्शन, बँक खातं मिळवून देणं हे निवाऱ्याचं कामच म्हणून लिहिलं आहे.

नोंदवहीत काय लिहिलं जातंय ते वाचा. यात दोन सापळे आहेत.

पहिला सापळा नावाचा. "राजू", वय ४०, गाव "यूपी" असं घाईत लिहिलं जातं आणि पुढे त्याच नोंदीवरून दाखला निघतो. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्माचं अंदाजे साल, गाव-तालुका-जिल्हा हे सगळं पहिल्याच दिवशी नीट लिहून घ्या. जुन्या कागदावर नाव असेल तर त्याच स्पेलिंगने.

दुसरा सापळा रकान्याचा. २०२० मध्ये एकाच छावणीत अडकलेले मजूर आणि कायमचे बेघर एकत्र होते. १ मे पासून श्रमिक रेल्वे सुटल्या, मजूर गावी गेले आणि छावण्या आटोपत्या घेतल्या गेल्या. ज्यांना जायला गाव नव्हतं, त्यांची नोंदही "स्थलांतरित मजूर" अशीच असेल तर कागदोपत्री त्यांचाही प्रश्न सुटलेला दिसतो. म्हणून "बेघर" हा शब्द आणि किती वर्षांपासून कुठल्या जागी, हे नोंदीत येऊ द्या.

स्थिर निवाऱ्यात काही ठिकाणी थोडं शुल्क घेतात. योजनेप्रमाणे ते माणसाच्या कमाईच्या दहाव्या ते विसाव्या भागापेक्षा जास्त असता कामा नये. कमाईच बंद असलेल्या माणसाकडून साथीत पैसे मागणाऱ्याला हे ऐकवा.

६. पहिल्या पंधरवड्यात कागद

माणूस एका जागी आहे, रात्री सापडतो, आंघोळ झालेली आहे, फोटो काढता येतो. असे दिवस पुन्हा मिळत नाहीत. कार्यालयं अर्ध्या मनुष्यबळावर चालत असतील, तरी अर्ज लिहून ठेवा.

*आधार.* आधी विचारा, पूर्वी कधी काढलं होतं का. बोटांचे ठसे दिलेले आठवत असतील तर नवीन नोंदणी करू नका. ती नाकारली जाते आणि त्यात वेळ जातो. आधार केंद्रावर ठशांवरून जुना क्रमांक शोधता येतो (चौकशीला १९४७). कधीच काढलं नसेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. नमुना तुम्हीच छापून न्या, शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यायला हवा, खाडाखोड नको. मजुरी करून झिजलेले ठसे उमटत नाहीत. तेव्हा डोळ्यांचं स्कॅन घ्यायला सांगा. मोबाइल नंबर जोडताना कार्यकर्त्याचा देऊ नका. कार्यकर्ता वर्षभरात शहर बदलतो आणि ओटीपी त्याच्याकडे येत राहतो. साधा फोन आणि सिम घेऊन देणं परवडतं.

*बँक खातं.* कागद नसताना "छोटं खातं" उघडता येतं: स्वतःचा फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा. शिल्लक ५०,००० पर्यंत, महिन्याला १०,००० पर्यंत काढता येतात. मुदत बारा महिने, ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा. काउंटरवर "असं खातं नसतं" हे उत्तर येऊ शकतं. तेव्हा शाखाधिकाऱ्याकडे जा आणि रिझर्व्ह बँकेच्या केवायसी सूचनांचा उल्लेख करा.

*मतदार नोंदणी.* हा कागद लोक विसरतात, आणि पत्ता नसलेल्यासाठी तोच सगळ्यात सोयीचा. नमुना ६ भरून झोपायची जागा पत्ता म्हणून लिहायची. मतदान केंद्राचे अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री एकापेक्षा जास्त वेळा येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतात. दिसला की पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. बीएलओ बहुधा शिक्षक असतात आणि साथीत त्यांच्यावर सर्वेक्षणाचंही ओझं असतं. रात्रीची वेळ त्यांना विचारून ठरवा, सोबत जा, चहा पाजा.

*रेशन.* गावाकडच्या कार्डावर नाव आहे का ते विचारा. "एक देश एक रेशन कार्ड" मुळे आधार जोडलेलं असेल तर शहरातल्या दुकानातही धान्य उचलता येतं, आणि घरच्यांचा वाटा गावी राहतो. मात्र निवाऱ्यात शिजवायची सोय नसेल तर धान्याचा उपयोग नाही. तिथे शिवभोजन केंद्र चालू आहे का ते पाहा. टाळेबंदीत ती थाळी पाच रुपयांना मिळत होती.

*निराधार अनुदान.* संजय गांधी योजना ६५ वर्षांखालच्यांना, त्यापुढे श्रावणबाळ. २०२३ पासून दरमहा १५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे, ती अडत नाही. अडतो तो महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा. शाळेचा दाखला, जुना दवाखान्याचा केसपेपर, जुनं मतदार ओळखपत्र, जे सापडेल ते लावा.

काम करणाऱ्या १६ ते ५९ वयाच्या माणसाचं ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या नोंदणीचं) आधार आणि खात्याच्या मागोमाग काढून टाका. फार वेळ लागत नाही.

तुमच्या पिशवीत काय असावं

आधारच्या दाखल्याचे छापील नमुने, नमुना ६ च्या प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो (छायाचित्रकाराला एकदाच निवाऱ्यात बोलावून सगळ्यांचे काढा), शाईचं पॅड, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पॉवर बँक, दोन वह्या. एका वहीत फोनच्या नोंदी, दुसऱ्यात माणसागणिक एक पान. मूळ कागद तुमच्याकडे ठेवू नका. माणसाच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये मूळ, निवाऱ्याच्या फायलीत झेरॉक्स, फोटो तुमच्या मोबाइलमध्ये.

लस आली की तिथेही ओळखपत्र मागितलं जाईल. मे २०२१ मध्ये केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणाची वेगळी पद्धत ठरवली होती, आणि जिल्हा कार्यदलामार्फत अशा गटांची यादी करायची होती. यादी तुमच्याकडे तयार असेल तर सत्र लवकर लागतं.

७. छावणी बंद होण्याआधी

शाळा सुरू होण्याची बातमी आली की समजा, आता छावणी हलणार. बंद होण्याच्या दिवशी काहीच होत नाही, त्यामुळे दोन-तीन आठवडे आधी महापालिका आयुक्तांच्या नावे पत्र द्या. किती जण, त्यात बायका-मुलं-वृद्ध किती, कुणाला स्थिर निवारा हवा, कुणाला भाड्याची खोली परवडेल, कुणाला गावी पोचवायचं. नुसतं "पर्यायी व्यवस्था करा" लिहिलेल्या पत्रावर कुणी हलत नाही. नावनिशीवार तक्ता जोडलेलं पत्र पुढच्या टेबलावर जातं. पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

गावी जायला तयार असलेल्या माणसाचा आधी गावाशी फोन जोडून द्या. घरचे "या" म्हणाले का, हे स्वतःच्या कानांनी ऐका. २०२० मध्ये प्रवासाची सोय होती म्हणून पाठवलेले काही जण महिन्याभरात परत त्याच फलाटावर होते.

८. नकार मिळाला तर

"लेखी द्या" म्हणा. बऱ्याचदा एवढ्यावर खाट रिकामी होते.

नाही झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. बेघर व्यक्तीला वकील मोफत मिळतो, आणि प्राधिकरणाचं एक पत्र कार्यकर्त्यांच्या दहा पत्रांपेक्षा लवकर वाचलं जातं. त्यासोबत माहितीचा अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि विचारा निवाऱ्यांची संख्या, प्रत्येकाची क्षमता, मागच्या तीन महिन्यांच्या हजेरीपटाच्या प्रती. एरवी उत्तराला तीस दिवस असतात, पण जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. अर्जाच्या डोक्यावर ते कलम लिहा आणि साथीचा आदेश जोडा. हजेरीपट हातात आला की क्षमतेशी ताडून पाहा. खाटा रिकाम्या आणि दारात माणसं परत पाठवलेली, असं दिसलं तर तेच कागद प्राधिकरणाच्या वकिलाकडे न्या.